मेंदूची तपासणी सांगितली आहे? आधी प्रश्न ठरवा, मग यंत्र

ईईजीच्या, म्हणजे मेंदूतली वीज नोंदवण्याच्या तपासणीच्या खोलीत समोर येऊन बसणारा जवळजवळ प्रत्येक माणूस मला एकच विचारतो: "यात सगळं कळेल ना?" मी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, डोक्याला वायरी लावणं आणि पडद्यावरच्या रेषा नीट नोंदवणं हे माझं काम. पण उत्तर मला माहीत आहे. यात सगळं कळत नाही. पुढच्या अर्ध्या तासात मेंदूच्या बाहेरच्या थरातली वीज कोणत्या लयीत चालली होती, एवढंच कळतं. बाकीच्या तपासण्यांचंही असंच आहे. प्रत्येक यंत्राला एकाच प्रकारचा प्रश्न समजतो आणि चुकीच्या यंत्राला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर "नॉर्मल" असं येतं. ते "नॉर्मल" घेऊन लोक निश्चिंत तरी होतात, नाहीतर खचतात. दोन्ही वेळा मला वाईट वाटतं.

हा लेख पहिल्यांदाच या वाटेवर आलेल्यांसाठी आहे. स्वतःला किंवा घरातल्या कुणाला फिट आली असेल, हात थरथरत असेल, विसरायला होत असेल, एक बाजू बधिर होत असेल आणि हातात तपासण्यांची चिठ्ठी असेल, तर पुढे काय करायचं ते क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी: ही घाई तर नाही ना?

अचानक तोंड वाकडं झालं, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा समजेनासं झालं, एका बाजूचं दिसेनासं झालं, तर हा लेख बाजूला ठेवा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तडक जा. पक्षाघातात मोठी रक्तवाहिनी तुंबली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. नळी घालून गुठळी ओढून काढण्याचा उपाय निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही करता येतो, पण "वेळ आहे" असं समजून थांबायचं नाही. घरच्यांनी एक गोष्ट मात्र लक्षात ठेवून सांगायची: माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला. घड्याळ तिथून सुरू होतं. सकाळी उठल्यावर लक्षण दिसलं असेल, तर "रात्री झोपताना बरे होते" हीच ती वेळ.

आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी एका क्षणात उठली, तापाबरोबर मान ताठ झाली, किंवा फिट पाच मिनिटांनंतरही थांबत नसेल, तरीही असंच करायचं.

पायरी १: लक्षणाची गोष्ट कागदावर उतरवा

ही पायरी लोक वगळतात आणि पुढे सगळं अडतं. न्यूरोलॉजिस्ट यंत्राकडे वळण्याआधी मनात दोन प्रश्न सोडवत असतो: बिघाड कुठे आहे आणि तो कशा प्रकारचा आहे. "कुठे" याचं उत्तर तपासणीच्या खोलीतल्या हातोडीतून, टॉर्चमधून, चालायला लावण्यातून मिळतं. "कशा प्रकारचा" याचं उत्तर बहुतेक वेळा काळातून मिळतं. सेकंदांत आलं आणि मिनिटांत गेलं, तर फिट किंवा रक्तपुरवठ्याचा विचार येतो. काही तासांत-दिवसांत वाढत गेलं तर जंतुसंसर्ग किंवा दाह. महिनोन्‌महिने हळूहळू सरकत असेल तर गाठ किंवा पेशी झिजण्याचे आजार. हे ठोकताळे आहेत, नियम नाहीत, पण कोणती तपासणी आधी करायची ते यांवरूनच ठरतं.

एक उदाहरण घ्या. उजवा हात, उजवा पाय आणि चेहऱ्याची उजवी बाजू एकदम कमजोर झाली तर डॉक्टर मेंदूच्या डाव्या भागाकडे बघतील. पण दोन्ही पावलं मोजे घातल्यासारखी बधिर होत असतील आणि तो बधिरपणा महिन्यांगणिक वर चढत असेल, तर बिघाड बहुधा पायांतल्या मज्जातंतूंत आहे. अशा माणसाचा मेंदूचा एमआरआय कितीही चांगल्या यंत्रावर काढला तरी मूळ दुखणं त्यात दिसणार नाही.

म्हणून लिहा: पहिल्यांदा कधी, किती वेळ टिकलं, कुठून सुरू होऊन कुठे गेलं, आधी काय जाणवलं, नंतर काय झालं. चालू औषधांची यादी जोडा, अगदी सर्दी-पडशाच्या गोळ्यांसकट. फिटचा संशय असेल तर पुढच्या वेळी रुग्णाला कुशीवर वळवून सुरक्षित केल्यावर मोबाइलवर चित्रण करा. डोळे उघडे होते की घट्ट मिटलेले, मान कुठल्या बाजूला वळली, झटके कुठल्या हाताने सुरू झाले, थांबल्यावर किती वेळ भान नव्हतं, हे त्यात यायला हवं. अपस्माराच्या झटक्यात डोळे बहुधा उघडे असतात. सबंध वेळ घट्ट मिटलेले असतील तर डॉक्टर वेगळ्या कारणाचाही विचार करतात. अशी एका मिनिटाची चित्रफीत कधीकधी माझ्या अर्ध्या तासाच्या ईईजीपेक्षा जास्त सांगून जाते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

याच पायरीवर रक्ताच्या साध्या तपासण्याही होतात. सोडियम, साखर, कॅल्शियम, बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड. गोंधळलेपणा, विसरभोळेपणा आणि फिट यांची दुरुस्त होणारी कारणं इथे सापडू शकतात, त्यामुळे यांना किरकोळ समजू नका.

पायरी २: रचना पाहायची की काम ऐकायचं, ते ओळखा

तंबोऱ्याचं छायाचित्र काढलं तर चारही तारा जागेवर आहेत का, भोपळ्याला चीर गेली आहे का, हे दिसेल. तंबोरा सुरात लागला आहे का, हे त्यातून कधीच कळणार नाही. सीटी आणि एमआरआय म्हणजे छायाचित्र. ईईजी, मज्जातंतूंच्या तपासण्या आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या म्हणजे ऐकणं. पेट स्कॅन मधे कुठेतरी बसतो.

चिठ्ठी हातात आली की डॉक्टरांना विचारा: "या तपासणीतून आपण नेमकं काय शोधतोय? सापडलं तर उपचार बदलेल का? नाही सापडलं तर पुढे काय?" हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही. चांगल्या डॉक्टरकडे याची उत्तरं आधीच तयार असतात.

पायरी ३: सीटी, घाईच्या वेळचा पहिला डोळा

साध्या एक्स-रेवर कवटी दिसते, आतला मेंदू नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉल्टर डँडी या शल्यचिकित्सकाने मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढायची पद्धत शोधली. ती रुग्णासाठी अतिशय त्रासाची होती, तरी पुढची कित्येक दशकं ती वापरली गेली, कारण जिवंत माणसाच्या डोक्यात डोकावायला वाटाच फार थोड्या होत्या. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला आणि सगळं पालटलं. १९७९ चं नोबेल हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना मिळालं. ऊतींची घनता आजही हाउन्सफील्ड यांच्या नावाच्या एककात मोजतात: पाणी शून्य, हवा उणे हजार.

सीटी काही मिनिटांत संपतो. ताजा रक्तस्राव त्यात पांढरा दिसतो, हाडाची मोड दिसते, मेंदू एका बाजूला ढकलला गेला असेल तर तेही दिसतं. पक्षाघातात पहिला स्कॅन बहुतेकदा सीटीच का, याचं उत्तर इथे आहे. गुठळी विरघळवणारं औषध रक्तस्राव असलेल्या माणसाला दिलं तर जिवावर बेतेल, म्हणून आधी रक्तस्राव नाही ना, हे पाहायचं. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात सुरुवातीच्या तासांत सीटी अगदी स्वच्छ दिसू शकतो. तो स्वच्छ आहे म्हणून पक्षाघात नाही, असा अर्थ काढू नका.

डोक्याच्या एका सीटीत मिळणारा किरणोत्सर्ग सुमारे २ मिलिसिव्हर्ट असतो. निसर्गातून वर्षभरात सगळ्यांना मिळतो, साधारण तेवढाच. गरज असेल तेव्हा घाबरू नये आणि गरज नसताना, विशेषतः लहान मुलांत, पुन्हा पुन्हा काढू नये. गरोदर असाल किंवा शक्यता असेल तर आधी सांगा. कॉन्ट्रास्टचं, म्हणजे चित्रात काही भाग उठून दिसावेत म्हणूनचं इंजेक्शन द्यायचं असेल तर मूत्रपिंडाचा आजार आणि पूर्वी आलेली ॲलर्जी सांगा.

पायरी ४: एमआरआयला जाताना

इथे किरणोत्सर्ग नसतो, चुंबक असतं. शरीरातल्या पाण्यातले हायड्रोजनचे केंद्रक चुंबकाच्या रेषेत येतात, रेडिओलहरींनी त्यांना हलवलं जातं आणि पुन्हा जागेवर येताना ते जो संकेत देतात त्यातून चित्र बनतं. १.५ टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट जोरदार असतं. आणि ते स्कॅन चालू नसतानाही चालूच असतं. हे नवख्यांना माहीत नसतं, आणि अपघात होतात ते यामुळेच. रिकाम्या दिसणाऱ्या खोलीतही खिशातली चावी घेऊन पाऊल टाकायचं नाही.

आत जाण्यापूर्वीचा फॉर्म मन लावून भरा. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीवर बसवलेली जुनी क्लिप, औषधाचा पंप, शरीरात राहिलेला छर्रा, सगळं लिहा. लेथवर किंवा वेल्डिंगचं काम केलं असेल आणि कधी डोळ्यात धातूचा कण गेला असेल, तर तो कित्येक वर्षांपूर्वीचा असला तरी सांगा; डोळ्यातला बारीक लोखंडी कण हलला तर दृष्टी जाऊ शकते. हल्लीचे पुष्कळ पेसमेकर ठराविक अटींवर एमआरआयला चालतात, पण त्याचं कार्ड बरोबर हवं. अंगावर औषधाची पट्टी चिकटवलेली असेल तर विचारून काढा, काहींच्या आत धातूचा पातळ थर असतो आणि तो तापतो.

यंत्राचा आवाज १०० डेसिबलच्याही वर जाऊ शकतो. कानात बोळे किंवा हेडफोन मिळतातच, नसतील तर मागून घ्या. बंद जागेची भीती वाटत असेल तर आत सरकण्याआधीच डोळे मिटा, वर एखादं फडकं ठेवायला सांगा आणि बाहेर येईपर्यंत उघडू नका. बहुतेकांना भीती आत असण्याची वाटत नाही, आत गेल्यावर डोळे उघडून छत नाकाजवळ दिसतं त्याची वाटते. हातात दाबायचा फुगा देतात. तो दाबला की स्कॅन थांबवतात. फारच भीती असेल तर आधीच सांगितल्यास सौम्य झोपेचं औषध मिळू शकतं, पण मग सोबत कुणीतरी हवं. वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत डोकं स्थिर ठेवायचं असतं. खोकला येतोय असं वाटलं तर दोन आवाजांच्या मधल्या शांततेत खोका.

एमआरआय हा एक फोटो नसतो, एकाच डोक्याचे अनेक प्रकारे काढलेले संच असतात. टी-वन रचना नीट दाखवतो. टी-टूमध्ये पाणी पांढरं चमकतं, सूजही. फ्लेअरमध्ये मेंदूभोवतीचं पाणी मुद्दाम काळं केलेलं असतं, म्हणजे त्याला लागून असलेले डाग लपत नाहीत. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या दाहाच्या आजाराचे ठिपके यातच ठळक दिसतात. डिफ्यूजन नावाच्या संचात पाण्याच्या कणांची हालचाल कुठे अडली आहे ते कळतं आणि ताजा पक्षाघात पहिल्या तासातही त्यात उजळू शकतो. आणखी एका संचात जुन्या बारीक रक्तस्रावांचे काळे ठिपके दिसतात.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की कुठले संच काढायचे, किती पातळ काप घ्यायचे, हे चिठ्ठीवरच्या मजकुरावरून ठरतं. चिठ्ठीवर नुसतं "डोकेदुखी" लिहिलं असेल तर सर्वसाधारण संच निघतील. "वारंवार फिट, सुरुवातीला पोटातून उमाळा येतो, मग भान जातं" असं लिहिलं असेल तर कानशिलाच्या आतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचे पातळ काप घेतले जातील, आणि तिथलाच बारीकसा व्रण सर्वसाधारण संचात निसटू शकतो. चेहऱ्याच्या एका बाजूला विजेसारखी कळ येत असेल तर त्या नसेभोवतीचे खास काप लागतात. म्हणून पायरी १ मधला कागद एमआरआय केंद्रातही घेऊन जा. तुमच्या चिठ्ठीवर दोनच शब्द असतील तर डॉक्टरांना नम्रपणे सांगा, "थोडं सविस्तर लिहून द्याल का?"

गॅडोलिनियमचं, म्हणजे एमआरआयच्या कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन सगळ्यांना लागत नाही. गाठ, संसर्ग, दाह शोधताना ते उपयोगी पडतं. मूत्रपिंडं फार कमजोर असतील किंवा गरोदरपण असेल तर त्याबद्दल आधी बोलणं झालंच पाहिजे.

पायरी ५: ईईजी, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे

१९२४ मध्ये जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी माणसाच्या डोक्यावरून मेंदूची वीज पहिल्यांदा नोंदवली. पाच वर्षं ते ती पुन्हा पुन्हा तपासत राहिले, स्वतःच्या मुलाच्या डोक्यावरूनही नोंदी घेतल्या आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यांना दिसलेली अल्फा लय आजही आम्ही रोज पाहतो: माणूस जागा आहे, डोळे मिटून शांत बसला आहे, तर डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला ८ ते १३ लाटा उमटतात. "डोळे उघडा" म्हटलं की त्या विरतात. "मिटा" म्हटलं की परततात. इतकी वर्षं झाली, तरी हे बघताना माझं मन भरून येतं. तुमची तपासणी संपल्यावर टेक्निशियनला विनंती केलीत तर तो तुम्हालाही दाखवेल.

ही वीज मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत मोजतात. त्यामुळे घामाचा थेंब, दात आवळणं, पापणीची फडफड, सगळं तिला झाकून टाकतं. म्हणून आदल्या दिवशी केस धुवा आणि त्यानंतर तेल, जेल, स्प्रे काही लावू नका. मी आधी मोजपट्टीने नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर घेतो आणि त्याच्या १० आणि २० टक्क्यांवर खुणा करतो. पद्धतीचं नावच त्यावरून "टेन-ट्वेंटी" पडलं आहे. मग प्रत्येक खुणेवरची त्वचा घासून, पेस्ट लावून, सुमारे वीस-एकवीस इलेक्ट्रोड बसवतो. बऱ्याच जणांना वाटतं आता शॉक बसणार. वायरींमधून तुमच्या डोक्यात काहीही जात नाही, फक्त तुमच्याकडून यंत्राकडे येतं.

साधी ईईजी वीस-तीस मिनिटांची असते. त्यात तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात आणि डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवतात. लपलेला दोष वर आणायचे हे मार्ग आहेत. ज्या मुलांना काही सेकंद टक लावून हरवल्यासारखं होतं, त्यांच्यात जोरात श्वास घेताना माझ्या डोळ्यांदेखत झटका येतो आणि पडद्यावर सेकंदाला तीनच्या ठेक्यात टोकदार लाटांची रांग उभी राहते. शाळेत "लक्ष देत नाही" म्हणून बोलणी खाल्लेलं एखादं मूल असतं ते. अशा वेळी निदान त्याच क्षणी समोर येतं. दमा असेल, हृदयविकार असेल किंवा नुकताच पक्षाघात होऊन गेला असेल तर आधी सांगा. श्वासाचा भाग आम्ही वगळतो.

काही वेळा रात्रीची झोप कमी करून यायला सांगतात, कारण अपुऱ्या झोपेत आणि पेंगताना दोष उघडा पडण्याची शक्यता वाढते. सांगितलं असेल तर खरोखरच जागा आणि येताना गाडी स्वतः चालवू नका. फिटच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याखेरीज एकही चुकवायची नाही. "तपासणी आहे म्हणून गोळी घेतली नाही" असं कुणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो.

आता रिपोर्टचं. अपस्मार असलेल्या माणसांतही पहिल्या साध्या ईईजीत अपस्माराच्या खुणा साधारण निम्म्यांतच सापडतात. झोपेतली नोंद घेतली, पुन्हा केली, तर प्रमाण वाढतं. म्हणजे नॉर्मल ईईजीने अपस्मार नाकारता येत नाही. उलट बाजूही आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. निरोगी माणसांच्या ईईजीतही काही टोकदार दिसणाऱ्या निरुपद्रवी लाटा असतात. उभ्या-उभ्या घेरी येऊन पडलेल्या माणसाच्या ईईजीत अशी लाट दिसली, ती "फिटची" समजली गेली आणि वर्षानुवर्षं नको असलेल्या गोळ्या चालू राहिल्या, अशी माणसं माझ्यासमोर येऊन बसली आहेत. निदान घडलेल्या प्रसंगाच्या वर्णनावर उभं असतं, ईईजी त्याला आधार देते. शंका उरलीच तर काही दिवस दाखल करून व्हिडिओ-ईईजी करतात, म्हणजे झटका आणि लाटा एकाच वेळी नोंदल्या जातात. गोळ्यांनी फिट आटोक्यात येत नसेल तर ही तपासणी होईल का, असं स्वतःहून विचारा.

पायरी ६: बाकीच्या तपासण्या, थोडक्यात

मज्जातंतूंची तपासणी, म्हणजे एनसीएस आणि ईएमजी: हातापायांतल्या मुंग्या, कमजोरी, मनगटात नस दबणं यासाठी. इथे मात्र छोटे विजेचे टिचके बसतात आणि बारीक सुई स्नायूत जाते. दुखतं, पण सोसण्याइतकं. हातातल्या नसांमधून संदेश सेकंदाला ५० मीटर किंवा त्याहून वेगाने धावतो. हात गार असले तर वेग खोटाच कमी दिसतो, म्हणून ऊब घेऊन या आणि त्वचेवर क्रीम लावू नका. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर सांगा.

पाठीतून पाणी काढणं: या नावाने लोक जेवढे घाबरतात तेवढी ती तपासणी भयंकर नाही. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो आणि सुई त्याच्या खाली जाते, त्यामुळे "मज्जारज्जूला सुई लागून लकवा होतो" ही भीती मनातून काढा. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती एकूण सुमारे १५० मिलिलिटर पाणी असतं आणि शरीर दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवीन बनवतं. तपासणीला घेतात ते थोडेसे मिलिलिटर लवकरच भरून येतात. मेंदुज्वर, मल्टिपल स्क्लेरोसिस, काही प्रकारचे दाह, अल्झायमरशी निगडित प्रथिनं यांची माहिती यातून मिळते. नंतर एक-दोन दिवस बसल्यावर वाढणारी आणि आडवं झाल्यावर थांबणारी डोकेदुखी काहींना होते. बोथट टोकाची बारीक सुई वापरली तर ती कमी जणांना होते. डोकेदुखी लांबली किंवा ताप आला तर कळवा.

पेट स्कॅन: किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून देतात आणि मेंदूचा कोणता भाग ती कमी वापरतो ते पाहतात. विस्मरणाच्या आजारांचे प्रकार वेगळे करायला ही मदत होते. या खुणेतलं फ्लोरिन-१८ सुमारे ११० मिनिटांत निम्मं होतं, म्हणून दिलेली वेळ चुकवू नका. काही तास उपाशी राहावं लागतं, आणि मधुमेह असेल तर साखरेबद्दल आधी विचारून घ्यावं लागतं. कंपवाताच्या शंकेत डोपामाइन हे रसायन बनवणाऱ्या पेशींची टोकं पाहणारा वेगळा स्कॅन असतो. थरथर साधी आहे की कंपवाताच्या गटातली, एवढं तो सांगतो. त्या गटातला नेमका कोणता आजार, हे नाही.

फंक्शनल एमआरआयची, म्हणजे काम करताना मेंदूचा कोणता भाग सक्रिय होतो ते दाखवणारी रंगीत चित्रं तुम्ही पाहिली असतील. शस्त्रक्रियेआधी भाषेचा किंवा हालचालीचा भाग कुठे आहे हे शोधायला ती कामाची आहेत. एकट्या माणसाचं नैराश्य किंवा अतिचंचलता त्या चित्रावरून ठरवून देतो असं कुणी सांगितलं, तर तिथून उठा.

पायरी ७: कागद-पेन्सिलीच्या चाचण्या हलक्यात घेऊ नका

"घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा." "हे पाच शब्द लक्षात ठेवा." घरच्यांना हा पोरखेळ वाटतो. पण विस्मरण किती आहे आणि कुठल्या प्रकारचं आहे, हे कुठलाही स्कॅन सांगत नाही. मेंदू स्कॅनमध्ये बराच आकसलेला दिसूनही माणूस आपले व्यवहार नीट सांभाळत असतो, आणि स्कॅन चांगला असून रोजचा रस्ता चुकणारी माणसंही असतात.

१९७५ मधली एमएमएसई आणि २००५ मधली मोका या दोन्ही चाचण्या ३० गुणांच्या. दहा-पंधरा मिनिटांत होतात. चष्मा आणि श्रवणयंत्र लावूनच बसवा, नाहीतर कान कमी ऐकतात याचे गुण मेंदूच्या नावावर कापले जातील. माणूस ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत चाचणी मागा. शिक्षण कमी असेल तर ते सांगा, गुणांचा अर्थ त्यानुसार लावतात. आणि शेजारी बसून उत्तरं पुरवू नका. प्रेमापोटी केलेली ती मदत निदान लांबवते. उदास मन, अपुरी झोप, काही औषधं यांनीही गुण घसरतात, त्यामुळे एका आकड्यावर डिमेन्शियाचा शिक्का बसत नाही.

पायरी ८: रिपोर्ट हातात आल्यावर

रात्री एकट्याने शब्द शोधत बसू नका, हे पहिलं. दुसरं, चित्र पाहताना लक्षात ठेवा की फिल्मची डावी बाजू म्हणजे बहुधा रुग्णाची उजवी. समोरून, पायांकडून बघितल्यासारखं ते मांडलेलं असतं.

"वयानुरूप आकुंचन" म्हणजे केस पांढरे होण्यासारखं. "हायपरइंटेन्सिटी" म्हणजे त्या संचात जास्त पांढरा दिसलेला ठिपका. तो रक्तदाबाने, अर्धशिशीने, वयाने, दाहाने अशा कितीतरी कारणांनी येतो. "इन्फार्क्ट" म्हणजे रक्तपुरवठ्याअभावी मेलेला भाग, तो ताजा की जुना हे विचारा. "मास इफेक्ट" किंवा "मिडलाइन शिफ्ट", म्हणजे मेंदू दाबला किंवा एका बाजूला ढकलला गेला आहे, असं लिहिलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. "क्लिनिकल कोरिलेशन" म्हणजे चित्र पाहणाऱ्याने तुम्हाला पाहिलेलं नाही, तुमच्या लक्षणांशी जुळवूनच याचा अर्थ लावा, असं तो तुमच्या डॉक्टरला सांगतो आहे.

आणि अनपेक्षित सापडलेल्या गोष्टी. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या एका अभ्यासात सरासरी ६३ वर्षांच्या २,००० सर्वसामान्य लोकांचे एमआरआय काढले. २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ७.२ टक्के लोकांत कधीही न जाणवलेल्या पक्षाघाताच्या खुणा होत्या, १.८ टक्क्यांत रक्तवाहिनीचा फुगा आणि १.६ टक्क्यांत कर्करोग नसलेली गाठ. ही माणसं आपापली कामं करत जगत होती. तुमच्या रिपोर्टमध्ये असं काही निघालं तर विचारायचा प्रश्न हा: "माझ्या लक्षणांचं कारण हेच आहे, की हे नुसतंच सापडलं?" दोन्हींचे पुढचे मार्ग वेगळे असतात. कधी औषध, कधी शस्त्रक्रिया, पुष्कळदा फक्त काही महिन्यांनी पुन्हा पाहणं.

रिपोर्ट स्वच्छ आला आणि त्रास मात्र आहेच, असं झालं तर ऐकून घेऊ नका की "तुम्हाला काही झालेलं नाही." अर्धशिशीत स्कॅन बहुधा नॉर्मलच असतो. कंपवाताच्या सुरुवातीला साधा एमआरआय नॉर्मल असतो, आणि ते निदान आजही हालचाल, ताठरपणा, थरथर पाहूनच होतं. अपस्माराच्या कितीतरी प्रकारांत मेंदूची रचना अगदी सुबक असते. मेंदूच्या कामकाजातला, रचनेत न दिसणारा बिघाडही खरा असतो आणि त्याला उपचार असतात.

पायरी ९: फाइल जपा

छापलेल्या फिल्मवर निवडक चित्रंच असतात. पूर्ण संच असलेली सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्या आणि घरी एक प्रत ठेवा. ईईजीचा नुसता निष्कर्ष नको, नोंदीची पानंही घ्या. प्रत्येक पाकिटावर तारीख आणि त्या वेळी काय त्रास होता ते एका ओळीत लिहा. पुढच्या स्कॅनला जुनी सीडी बरोबर न्या आणि काउंटरवरच सांगा, "मागच्याशी तुलना करून रिपोर्ट द्या." दोन वर्षांपूर्वीही तो ठिपका तिथेच आणि तेवढाच होता, हे कळायला दुसरा कुठलाही मार्ग नाही.